गिअर केबलचा बुश सारखा निसटतोय, मदत हवी आहे

मंडळी, आमची जुनी मॅन्युअल हॅचबॅक चिपळूण-कराड ये-जा करते. गिअरबॉक्सच्या लिव्हरवरच्या बॉलवर बसणारा, गिअरच्या दांड्याकडून येणाऱ्या केबलच्या टोकाचा प्लॅस्टिक बुश (सांध्यातलं छोटं अस्तर) पुन्हा पुन्हा झिजून निसटतो. परवा कुंभार्ली घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना दांडा एकदम लुळा पडला, गाडी तिसऱ्यातच अडकली. मागे एसटी, शेजारी आई. बॉनेट उघडून केबल दाबून बसवली, झिप टाय आवळला, तेव्हा घर गाठलं.

मेकॅनिक दर वेळी नुसता बुश बदलतो. मला शंका इंजिन माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांची, आहे. क्लच सोडताना इंजिन चांगलंच हलतं, त्याने केबल ओढली जात असेल का? की केबलच आतून जाम झालीय? पितळी बुश कोणी बसवलाय का? तो टिकतो, की बॉललाच खातो? पावसाळ्याआधी पक्का इलाज हवाय.