कॅफेतलं कॉफी मशीन दुरुस्त करत राहावं की आता बदलावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या कॅफेत दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी पडायची दोन तोंडं असलेलं एस्प्रेसो मशीन आहे. एकच बॉयलर, हीट एक्स्चेंजर पद्धतीचं (कॉफीचं पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापतं). घेऊन दहाएक वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत एक तक्रार मिटते न मिटते तोच दुसरी उभी राहते. एक मेकॅनिक म्हणतो, सांगाडा भक्कम आहे, अजून बरीच वर्षं चालेल. दुसरा म्हणतो, यात आता पैसे घालू नका. पहिल्याचं पोट दुरुस्तीवर आणि दुसरा नवी मशीन विकतो, त्यामुळे ज्याला यातून काही मिळणार नाही अशा माणसाचं मत हवंय.

सकाळचे पहिले कप उत्तम येतात. गर्दी वाढली की बॉयलरचा काटा १.२ बारवरून ०.८ च्याही खाली येतो आणि वाफेत जोर राहत नाही, दूध तापेपर्यंत गिऱ्हाईक खोळंबतं. डोस आणि दळण तेच असूनही उजव्या ग्रुपची कॉफी डाव्यापेक्षा सावकाश पडते. त्याच ग्रुपला हँडलच्या (कॉफीची पूड भरून लावतो त्याच्या) कडेनं पाणी झिरपतं, गॅस्केट नुकतंच बदललं तरी. आणि आता सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. पुन्हा वर केला की कधी टिकतो, कधी नाही.

रात्री पावडर घालून बॅकफ्लश (ग्रुपमधून पाणी उलटं फिरवून सफाई) न चुकता होतो. पाण्याला फिल्टर आहे. मशीन बंद म्हणजे दुकान बंद, म्हणून निर्णय विचार करून घ्यायचाय. बदलायची वेळ आली हे नेमकं कशावरून ओळखायचं?

प्रतिसाद १

आधी ईएलसीबीचं. तो पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवू नका, कृपा करून. पाणी, वीज आणि धातूचं अंग एकत्र आहे. हीटिंग एलिमेंटचं इन्सुलेशन कमजोर झालं की थंड पडलेल्या मशीनमध्ये त्यात ओल शिरते आणि करंट मशीनच्या अंगात उतरतो. सुट्टीनंतरच पडतो म्हणजे संशय तिथेच. मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासून घ्या. एलिमेंट बदलता येतं, तेवढ्यासाठी मशीन टाकायचं कारण नाही.

वय हा निकष मला पटत नाही. गॅस्केट, शॉवर स्क्रीन (ग्रुपची जाळी), सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह), व्हॅक्यूम व्हॉल्व्ह हे झिजणारेच भाग. गॅस्केट तर सहा महिने ते वर्षभरात बदलायचंच असतं. यांचा खर्च म्हणजे देखभाल, तो बिघाडात मोजू नका. बॉयलरचा पत्रा आतून खाल्ला गेला, कंट्रोल बोर्ड गेला आणि तो आता बनत नाही, किंवा कारण न सापडता तोच बिघाड परत परत येतो, तेव्हा मात्र मी बदलायचा विचार करेन.

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. हँडल न लावता दोन्ही ग्रुपमधून सारखेच सेकंद पाणी सोडा आणि वजन करा. उजवीकडे बरंच कमी भरलं तर त्या ग्रुपचा जेट (पाणी सोडणारं बारीक छिद्र) किंवा नळी क्षारानं चोंदलीय. दुसरं, दोन्ही हँडलांची अदलाबदल करून बघा. गळती उजव्या हँडलबरोबर डावीकडे गेली तर त्या हँडलचे ग्रुपमध्ये अडकणारे कान झिजलेत, ग्रुपचा दोष नाही.

प्रतिसाद २

फिल्टर कसला आहे? साधा कार्बन फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो, पाण्याचा जडपणा जसाच्या तसा राहतो. त्यासाठी सॉफ्टनर लागतो. उलट, पूर्ण क्षार काढलेलं पाणीही घालू नका. लेव्हल प्रोब (बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणारी कांडी) पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते त्यावर चालतो, त्याला अशा पाण्यात पातळीच कळत नाही. हे न बघता नवं मशीन आणलं तर त्याचीही हीच गत होईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मशीन बंद ठेवलंय. बंद करण्याआधी वजन केलं, उजवीकडे डावीकडच्या जेमतेम निम्मं भरतं. हँडल बदलल्यावर गळतीही बाजू बदलते. फिल्टर कार्बनचाच निघाला. आता एकच शंका आहे, डिस्केलिंगचं (क्षार काढायचं) औषध बॉयलरमध्ये सोडून जागच्या जागी साफ करता येईल का?

प्रतिसाद १

क्षारांचा इतका थर असेल तर नको. सुटलेल्या खपल्या पुढे सोलेनॉइडमध्ये आणि जेटमध्ये जाऊन अडकतात. बॉयलर उतरवून, एलिमेंट बाहेर काढून साफ करायला सांगा. गर्दीत वाफ मरते तीही बहुधा याच थरामुळे, एलिमेंटची उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोचत नाही.

बॉयलर उघडेल तेव्हा स्वतः हजर राहा. थर निघाल्यावर आतला धातू गुळगुळीत असेल तर एलिमेंट, जेट, गॅस्केट आणि हँडल नवं घालून मशीन बिनधास्त चालवा. खड्डे दिसले, किंवा बाहेरून जोडांवर हिरवट-पांढरे ओघळ असतील, तर तिथेच थांबा. बॉयलरला डागडुजी करून पुन्हा दाबाखाली चालवण्यात अर्थ नाही. तेव्हा नवंच घ्या, पण सॉफ्टनर त्याच्या आधी बसवा.