मदत हवी आहे: सिंहगडाच्या पायथ्याची खुर्ची दुपारी ३० मीटर वर कशी गेली?

लेकीची_आई

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाली, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

लेक आठवीत आहे. सायन्स प्रोजेक्टला तिने विषय घेतलाय ‘उंचीप्रमाणे हवेचा दाब कसा बदलतो’. माझ्या फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर आहे, तेव्हा म्हटलं चला, रविवारी सिंहगड करू. प्रोजेक्टही होईल आणि पिठलं-भाकरीही. आकडे असे आले (सगळे हेक्टोपास्कलमध्ये):

घर, पुणे, सकाळी ७: ९४९
आतकरवाडी (गडाचा पायथा), चहाची टपरी, सकाळी ९:३०: ९३६.०
गडावर, ११:३०: ८७१.५
परत तीच टपरी, दुपारी ४: ९३२.६

घोळ शेवटच्या ओळीत आहे. तीच टपरी, तीच प्लास्टिकची खुर्ची. सकाळी अ‍ॅप म्हणालं उंची ६६४ मीटर, दुपारी ६९४. खुर्ची काही हलली नव्हती, टपरीवाल्या मावशींना विचारून घेतलं! आता चढ मोजताना सकाळचा आकडा धरायचा की दुपारचा? लेकीचं म्हणणं सरासरी काढू. मला ते पटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

दुसरं, हवामानाच्या वेबसाईटवर पुण्याचा दाब १०१४ दिसतो. माझा फोन ९४९ म्हणतो. सेन्सर गंडलाय का?

दगडधोंडे

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. फोन ठीक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, म्हणजे तेवढ्या जाडीची हवा तुमच्या डोक्यावर नाहीच. वेबसाईटवर दिसतो तो ‘पुणे समुद्रकाठी असतं तर किती आला असता’ असा हिशोबाने काढलेला दाब. तसं केलं नाही तर मुंबई, पुणे आणि लेह एका नकाशावर ठेवून कमी दाबाचा पट्टा शोधताच येणार नाही, लेह कायमच सगळ्यात मोठं वादळ दिसेल.

पहिल्याचं मला वाटतं ऊन. फोन तापला असणार.

निवृत्त_वेधक

फोन तापल्याने थोडा फरक पडतो, पण इथे तो मुद्दा नाही. ताई, तुमचा सेन्सर उलट फारच चांगला आहे. त्याने हवेची भरती-ओहोटी पकडली.

गंमत नाही करत. आपल्याकडे वादळबिदळ नसेल तर दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, ही मात्र सूर्याची. वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ ऊन शोषतात, आणि अख्खं वातावरण बारा तासांच्या झोक्यावर हलतं. विषुववृत्ताच्या बाजूला हा झोका मोठा, ध्रुवांकडे नगण्य. आपल्या भागात सकाळी दहा ते दुपारी चार यांत ३-४ हेक्टोपास्कल सहज उतरतात. तुमचे उतरले ३.४. नोकरीत असताना बॅरोग्राफच्या (दाबाची रेघ आपोआप काढणाऱ्या यंत्राच्या) कागदावर ही लाट रोज बघायचो. ती दिसली नाही तर आधी यंत्र तपासायचो आणि मग बंगालच्या उपसागराकडे बघायचो, तिकडे वादळ तर उठलं नाही ना म्हणून.

आता सरासरीबद्दल. तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. तुम्ही गडावर होतात साडेअकराला. त्या क्षणी पायथ्याला किती दाब होता, हे हवंय. सकाळचा धरला तर फरक ६४.५, दुपारचा धरला तर ६१.१. उंचीत साधारण ३० मीटरचा घोळ.

यावरचा उपाय जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या पुई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी (तेव्हाचं दाब मोजायचं साधन) घेऊन चढला. माथ्यावर पोचेस्तो नळीतला पारा सुमारे ८५ मिलीमीटर उतरला, ही गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. पण मला त्यातला आवडणारा माणूस वेगळाच. निघण्यापूर्वी पेरिएने तशीच दुसरी नळी खाली क्लेरमाँच्या मठात ठेवली आणि एका साधूबुवांना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं. त्यांचा पारा हलला नाही, म्हणून तर वरची घट उंचीचीच, हे ठरलं. तुमच्या प्रयोगात हे साधूबुवा नव्हते.

ताकपिता

साधूबुवांना पिठलं मिळालं का?

अवांतर: लेहला (३५०० मीटर) आम्ही साध्या पातेल्यात तूरडाळ लावली होती. दोन तासांनी पण दाणा न् दाणा मोजता येत होता. पाणी तिथे ८८-८९ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय जाऊ नका.

लेकीची_आई

@निवृत्त_वेधक, काका, खूप खूप धन्यवाद! लेक भरती-ओहोटी ऐकून नाचायला लागली. साधूबुवांच्या जागी माझे वडील बसायला तयार आहेत. भावाचा फोन मिळेल, त्यातही सेन्सर आहे.

एक राहिलं. १ हेक्टोपास्कल म्हणजे किती मीटर? नेटवर कुठे ८.३, कुठे ९, कुठे १०.

निवृत्त_वेधक

सगळे बरोबर, जागा वेगळ्या. गोधड्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खालची गोधडी दाबून चपटी झालेली असते, वरची फुगलेली. हवेचं तसंच. समुद्रकाठी दाट हवा, तिथे साडेआठ मीटर चढलात की १ हेक्टोपास्कल कमी. लेहला त्यासाठी बारा मीटरच्या आसपास चढावं लागतं. म्हणून आलेख काढाल तर तो सरळ रेषेत उतरत नाही, वर जाताना मंदावत जातो. पायथा ते गड एवढ्या टप्प्यात तो वाक डोळ्याला दिसणार नाही, लेकीला आधीच सांगून ठेवा.

शिवाय ऊब. गरम हवा विरळ, तिचे थर जाड. अ‍ॅप समुद्रसपाटीला १५ अंश धरून चालतं, आपला डिसेंबरही त्याहून गरम. म्हणून अ‍ॅप गडाची उंची कमी दाखवणार. पायथा आणि गड यांच्या मधल्या हवेला २४ अंश धरून तुम्ही ९.६ घ्या.

आणि हो, दोन्ही फोन निघण्यापूर्वी एकाच टेबलावर अर्धा तास ठेवा. एकसारखे आकडे येणार नाहीत. जो फरक असेल तो लिहून ठेवा आणि नंतर वजा करा. फोन उन्हात ठेवू नका, दगडधोंडे म्हणतात त्यात तथ्य आहे.

लेकीची_आई

झालं! काल परत जाऊन आलो. भावाचा फोन ०.८ ने जास्त दाखवत होता, ते वजा केलं. बाबा टपरीवर बसून दर पंधरा मिनिटांनी नोंद करत होते. आम्ही वर पोचलो पावणेबाराला: वर ८७१.२, त्याच वेळी खाली बाबांकडे ९३५.०. फरक ६३.८, गुणिले ९.६, म्हणजे ६१२ मीटर चढ. पाय दुखतायत त्यावरून खरा असावा.

बाबांच्या वहीतली लाट तर इतकी छान आलीय. पावणेदहाला ९३६.२, मग उतरत उतरत चारला ९३२.९. लेकीने प्रोजेक्टचा विषयच बदलायचा हट्ट धरलाय.

फक्त दुपारी एकच्या नोंदीसमोर आकडा नाही, ‘भजी गरम’ एवढंच लिहिलंय. ती रांग गाळू का?

निवृत्त_वेधक

गाळू नका. आकड्याची जागा रिकामी ठेवा आणि शेरा आहे तसा राहू दे. आम्हीही तेच करायचो.