सदनिकांचे क्रमांक जाहीर करण्याबाबत

सचिव :
सर्व सभासदांना नमस्कार. तापाच्या साथीमुळे आपल्या इमारतीतील तीन कुटुंबे सध्या विलगीकरणात आहेत. त्यांच्या सदनिकांचे क्रमांक ग्रुपवर व सूचनाफलकावर जाहीर करावेत, अशी मागणी काही जणांनी केली आहे. निर्णयापूर्वी आपली मते कळवावीत.

सभासद, दुसरा मजला :
मागणी करणाऱ्यांपैकी मी एक आहे. कुणाला वाळीत टाकण्याचा माझा हेतू नाही, परंतु घरात वयस्कर आई असताना नेमके कोणत्या दारापासून जपायचे हे कळले नाही, तर जीव टांगणीला लागतो. काल लिफ्टचे बटण दाबून आल्यावर मी तीन वेळा हात धुतले, तरी मनाचे समाधान होईना. रात्री दोन वाजेपर्यंत साथीच्या बातम्या पाहत जागाच होतो.

निवृत्त परिचारिका, चौथा मजला :
भाऊ, तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण साबणाने वीस सेकंद एकदा हात धुतल्यावर हात स्वच्छ होतात. तिसऱ्यांदा धुऊनही चैन पडत नसेल, तर उरलेली भीती हातावर नसून मनात आहे आणि ती दाराच्या क्रमांकाने जाणार नाही. उलट, नाव जाहीर होईल या धास्तीने लोक ताप लपवतात, तपासणी टाळतात, आणि मग धोका खरोखरच वाढतो. इबोलाच्या साथीत पश्चिम आफ्रिकेत बरे झाल्याचे प्रमाणपत्र घेऊन घरी परतलेल्या माणसांनाही शेजाऱ्यांनी दूर ठेवले. रोगातून सुटलेला माणूस लोकांच्या नजरेतून सुटला नाही. 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी कॅनडातील टोरंटोत अलग ठेवलेल्या 129 जणांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 29 टक्के लोकांत आघातोत्तर ताणाची, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून जाणाऱ्या ताणाची, आणि 31 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. दिवस जितके जास्त, तितका त्रास अधिक. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2020 साली अशा 24 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात त्रासाची जी कारणे दिली आहेत, ती म्हणजे लांबलेला काळ, संसर्गाची भीती, कंटाळा, सामानाची टंचाई, अपुरी माहिती, आर्थिक नुकसान आणि लोकांनी लावलेला कलंक. यांपैकी निम्म्या गोष्टी तरी शेजाऱ्यांच्या हातात आहेत, हे मी नोकरीतल्या अनुभवावरूनही सांगते.

विलगीकरणातील एक सभासद :
त्या तीन घरांपैकी एक आमचे आहे. आज सहावा दिवस आहे. ताप उतरला आहे, अंगदुखीही कमी आहे. मुलाला मात्र दाराबाहेरची पावले ऐकत बसायची सवय लागली आहे. आमच्या दारासमोर आल्यावर सगळ्यांची पावले भराभर पडू लागतात, हे त्याच्या ध्यानात आले आणि काल त्याने मला विचारले, “आई, आपलं काय चुकलं?” मला उत्तर देता आले नाही. लोकांनी लांब राहावे हे मला मान्य आहे, त्यासाठीच आम्ही दार बंद केले आहे. पण सहा दिवसांत आमच्याशी कुणी बोलले नाही.

सभासद, पहिला मजला :
ताई, तुमचा निरोप वाचून राहवले नाही. मागच्या साथीत माझे वडील रुग्णालयात गेले. परिचारिकेने धरलेल्या फोनवर दोन मिनिटे त्यांचा चेहरा दिसला, तेच शेवटचे. नंतर एका पिशवीत त्यांचा चष्मा परत आला. काचेवर बोटाचा ठसा होता. तो मी अजून पुसलेला नाही. अंत्यदर्शन नाही, भेटायला येणारे कुणी नाही, आणि फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “तुमची तपासणी झाली का?” मला रडायचे होते तेव्हा मी अहवाल वाचून दाखवत होते.

मानसोपचारतज्ज्ञ, सहावा मजला :
अशा मृत्यूंनंतर शोक अनेकदा अडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांनंतरही तो तितकाच तीव्र राहून रोजचे जगणे अडवत असेल, तर त्यावर उपचार आहेत. ताई, कधीही माझे दार वाजवा. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्याचे प्रमाण 25 टक्क्यांनी वाढल्याचे याच संघटनेने 2022 मध्ये सांगितले, आणि त्याची झळ स्त्रियांना व तरुणांना अधिक लागली. मात्र हेही नमूद करतो की, त्या साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत 21 देशांच्या आकडेवारीत आत्महत्यांची सर्वसाधारण वाढ दिसली नाही. तेव्हा ‘आता सगळेच खचणार’ असे संदेश कृपया पुढे पाठवू नयेत. झोप, भूक व कामातील लक्ष दोन आठवडे बिघडलेले राहिले, तर तज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले, तर त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.

सचिव :
क्रमांक जाहीर केले जाणार नाहीत. आरोग्य विभागाची अधिकृत माहिती रोज सकाळी एकदाच येथे दिली जाईल. साथीविषयीचे इतर संदेश कुणीही टाकू नयेत. तिन्ही घरांचे सामान व कचरा यांची जबाबदारी कोणी घेईल का?

सभासद, दुसरा मजला :
मी माझी मागणी मागे घेतो. सामानाचे काम माझ्याकडे द्यावे. ताई, हरकत नसेल तर संध्याकाळी सात वाजता फोन करतो. फोन मुलाच्या हातात द्या.

विलगीकरणातील सभासद :
देते. त्याला आत्ताच सांगितले आहे, तो घड्याळाकडे पाहत बसला आहे.