मदत हवी आहे : सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कादंबरी लिहितेय. नायिका १९६८ ला बँकेत कारकून म्हणून लागते, बढतीपायी गावोगाव फिरते, पण जीव कोल्हापुरातच. २०२४ च्या आगीनंतर केशवराव भोसले नाट्यगृहासमोर उभी राहिले, तेव्हा ती मनात आली. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं थिएटर! पोटात कालवलं.

तिची एक संध्याकाळ अडलीय. ड्युटी संपवून, खांद्यावर पर्स, ती गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर थांबते. समोर म्हैस पिळतायत, फेसाळ ग्लास हातात येतो. तेव्हा नोकरदार बाई तिथं एकटी उभी राहून दूध प्यायची का? की पितळी बरणी भरून घरी न्यायची? तुमच्या आई, मावशी, आत्यांना विचाराल का? त्यांच्याच शब्दांत सांगा, खूप गरज आहे.