अनुभव धागा: गोष्ट कोण सांगतंय? कथा-कादंबरी डोळसपणे वाचायला कसे शिकलात?

वाचनाचं वेड कसं लागलं याचे किस्से पुष्कळ झाले. इथे त्याच्या पुढचं हवंय. गोष्टीत वाहून जाता जाता तिच्याकडे जरा रोखून बघायला तुम्हाला कोणी किंवा कशाने शिकवलं? समीक्षेची परिभाषा नसली तरी चालेल, किंबहुना नकोच. पुस्तकाचं नाव आणि काय दिसलं, काय खटकलं, तेवढं सांगा.

मेघमल्हार
'मृत्युंजय', शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी. आमच्या घरी ती पोथीसारखी वाचली जायची. बाबांना पानंच्या पानं पाठ, आणि दहावीच्या सुट्टीत मीही कर्णासाठी ढसाढसा रडलेली. कॉलेजात मराठीच्या बाईंनी एकदा फळ्यावर फक्त सहा नावं लिहिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण. कादंबरीत बोलणारे एवढेच. मग विचारलं, "यात कोण नाही?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "द्रौपदी." बाई म्हणाल्या, "मग द्यूतसभा परत वाचून या," आणि खुशाल हजेरी घ्यायला लागल्या!

घरी जाऊन वाचली. या वेळी प्रत्येक वाक्यापाशी अडत होते: हे कोण सांगतंय, आणि त्याला काय सांगणं सोयीचं आहे? आई, भाऊ, बायको, मित्र. साक्षीदार असे निवडल्यावर निकाल कर्णाच्या बाजूने लागणार नाही तर काय! म्हणून कादंबरी मनातून उतरली असं मुळीच नाही. उलट सावंतांनी हे किती हुशारीने रचलंय ते तेव्हा कळलं. बाबांशी मात्र यावर अजून वाद चालू आहे.

माणदेशी गुरुजी
व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी वर्गात थोडी थोडी वाचून दाखवतो. धनगरांच्या वाडीवर आलेला मास्तरच ती गोष्ट सांगतो. मेंढरं, दुष्काळ, यांचं आमच्या मुलांना नवल नाही. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो तिथवर आलो, तर एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, तालीम गावाला पायजे हुती का मास्तरला?" परीक्षेतले प्रश्न कसे असतात ठाऊक आहे ना, 'मास्तरच्या स्वभावाची वैशिष्ट्ये लिहा.' या पोरीने निवेदकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मग तोच प्रसंग गावातल्या एखाद्या बाईच्या तोंडून लिहायला सांगितला. बऱ्याच जणींनी लिहिलं की बाप्ये दगड-माती वाहायला गेल्यावर मेंढरांमागे आम्हीच गेलो. हे त्यांना पुस्तकातून नाही, घरून माहीत होतं.

शेवंता
'पण लक्षात कोण घेतो'. कहाणी यमू सांगते, लिहितात हरिभाऊ आपटे. पुरुषाला बाईचं मन किती कळलंय ते बघायला आजीला वाचून दाखवली. आजी मधेच म्हणे, "अगदी खरं." मधेच नुसतं "हं." त्या 'हं'च्या जागी मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात. पुस्तक त्या खुणांवरूनच परत वाचते.

ताकभात
मी विरोधी पक्ष. पेन्सिलवाल्यांचा मला मनापासून राग येतो! आधी पुस्तकाला अंगावर तरी येऊ द्या.

मेघमल्हार
पहिल्यांदा येऊ द्या की. दुसऱ्या वाचनाचं काय?

ताकभात
दुसऱ्यांदा वाचावीत अशी असतात किती, ते आधी सांगा.

स्प्रेकाठ
हे एक घ्या: विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. मी बर्लिनमध्ये राहतो. इथे घरांसमोर फुटपाथमध्ये छोट्या पितळी पाट्या बसवलेल्या असतात. त्या घरातून नेऊन मारलेल्या माणसांची नावं, बहुतेक ज्यूंची. रोज त्यांच्यावरून चालत जातो. अशात ही कादंबरी परत हातात घेतली. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यात हॅर्टा ही तरुणी. पानापानावर मला छळछावण्यांचं मरण दिसत होतं. मग साल पाहिलं: 1939. बेडेकरांनी लिहिलं तेव्हा आउश्वित्झची छळछावणी उभीसुद्धा राहिलेली नव्हती. म्हणजे मी वाचत होतो त्यातली निम्मी भीती मीच सोबत आणलेली. आता जुनी कादंबरी उघडली की आधी साल बघतो आणि लेखकाला काय माहीत असणं शक्यच नव्हतं ते मनाशी मांडतो.

पण कादंबरीचा नायक चक्रधर बायकांविषयी बोलताना इतका कडवट का होतो, याचं उत्तर काही सालात सापडत नाही. एका उमाच्या जुन्या प्रेमप्रकरणाने एवढं व्हावं हे मला पटत नाही. तो कडवटपणा चक्रधरचा, की कादंबरीचाच? नुकतीच वाचलेल्या कोणी लिहा ना.