15 मिमी: पार्थियन स्वारांपुढे रोमन पायदळ टिकतच नाही, काय बदलू?

भालाईत (म्हापसा):
मंडळी, 15 मिमीच्या सैनिक-बाहुल्यांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ आहे, रोमन विरुद्ध पार्थियन (प्राचीन इराणचे), आणि नियम घरचेच आहेत. टेबल 120 × 90 सेंमी, बेसची (बाहुल्या चिकटवायच्या पट्टीची) रुंदी 40 मिमी, दोन्हीकडे 200 गुणांचं सैन्य. रोमन पायदळाचे 12 बेस. समोर 8 धनुर्धारी स्वार आणि 3 चिलखती. पायदळाची चाल 10 सेंमी, स्वारांची 25. दर डावात स्वार वळसा घालून पाठीत बाण मारतात. पायदळाला स्वारांविरुद्ध फाशावर +2 देऊ का?

फासेवाला (फोंडा):
+2 नकोच. दोघांनी एकेक फासा टाकून बेरीज ताडायची असेल, तर समान बळावर 36 पैकी 15 वेळा जिंकता. +1 ने 21, +2 ने थेट 26. मग चिलखती स्वार समोरून भिडणारच नाहीत, आणि वळशाचं दुखणं तसंच राहील.

आधी टेबल मोजा. 12 बेसची रांग 48 सेंमी, म्हणजे दोन्ही बगलांना 36-36 सेंमी मोकळं रान. एका बगलेला 30 × 20 सेंमीची दलदल मांडा (हिरव्या रंगात बुडवलेला काथ्या कापून चिकटवला की झकास होते) आणि स्वारांची चाल तिथे 8 सेंमी ठेवा. पायदळाची रांग तिला टेकवा, उघड्या बगलेमागे दोन बेस राखीव. दलदल एकाच बाजूला हं! दोन्हीकडे मांडली तर पार्थियन घेऊन कोण बसेल?

काथ्याकूट (मडगाव):
बाणही मोजा. प्रत्येक धनुर्धारी बेसला 3 टोकन. संपली की उंटांच्या बेसला टेकून एक पाळी थांबायचं, मग पुन्हा 3. इ.स.पू. 53 मध्ये कार्हेच्या लढाईत पार्थियनांचे बाण संपतील या आशेवर रोमन तग धरून होते. पण पार्थियन सेनापती सुरेनाचे उंट नवे बाण घेऊन उभे होते. म्हणून उंट टेबलावरच हवेत, आणि मारता येतील असे. रोमनांना पुढे सरकायला कारण तिथेच मिळतं.

भालाईत (म्हापसा):
उंटांमुळे स्वार आणखी लांब राहणार नाहीत ना?

फासेवाला (फोंडा):
त्यासाठी हुकुमांचा फासा. पडेल तितके हुकूम: सलग रांगेला मिळून 1, सुट्या बेसला प्रत्येकी 1, सेनापतीपासून 30 सेंमीपलीकडे 2. विखुरलेल्या आठ स्वारांना 6 पडूनही पुरत नाहीत.

काथ्याकूट (मडगाव):
एक राहिलं. पावसाळ्यात आपल्याकडे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस फुगून वाकतात, रांगेत फटी पडतात, आणि ती बगल धरायची की नाही यावर भांडण जुंपतं. 20 मिमीपेक्षा कमी फट बंदच धरा, नवे बेस 2 मिमी प्लास्टिक शीटचे कापा.