प्लगेबल मॉड्यूलचे दिवस भरले? मला नाही वाटत

एकतंतू (धागाकर्ता)

मार्च २०२५मध्ये एनव्हिडियाने क्वांटम-एक्स आणि स्पेक्ट्रम-एक्स हे फोटोनिक्स स्विच जाहीर केले. तेव्हापासून डेटा सेंटरच्या बाजारावर लिहिणारे बहुतेकजण एकच सूर लावून आहेत, की प्लगेबल ट्रान्सीव्हर (स्विचच्या पुढच्या पट्टीत खोचायचं, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारं मॉड्यूल) आता उतरणीला लागले आणि पुढचा काळ सीपीओचा. (सीपीओ म्हणजे को-पॅकेज्ड ऑप्टिक्स. प्रकाशाचं इंजिन स्विचच्या पुढच्या पट्टीत खोचायचं नाही, थेट स्विच-चिपच्या शेजारी त्याच पॅकेजवर बसवायचं.) माझं मत उलटं आहे. सर्व्हर ते स्विच आणि स्विच ते स्विच या जाळ्यात १.६टी (पोर्टमागे सेकंदाला १.६ टेराबिट; ४००जी, ८००जी म्हणजे तेवढे गिगाबिट) पिढी संपेपर्यंत तरी खरी उलाढाल प्लगेबलमध्येच राहील.

असा धोशा पूर्वीही झाला होता. ४००जीला पुढची पट्टी पुरणार नाही, ऑप्टिक्स बोर्डावर आत न्या, असं म्हणत २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने कोबो हा गट निघाला. तपशीलही प्रसिद्ध झाले. तोवर ओएसएफपी आणि क्यूएसएफपी-डीडी या प्लगेबल साच्यांनी आठ लेन (सिग्नलच्या समांतर वाटा) एकाच मॉड्यूलमध्ये कोंबल्या आणि बोर्डावरचं ऑप्टिक्स कागदावरच राहिलं.

आता विजेचा हिशेब, कारण सीपीओचा सगळा भर त्यावर आहे. डीएसपी (सिग्नल सावरणारी चिप) असलेलं ८००जी मॉड्यूल साधारण १५ वॅट खातं. ब्रॉडकॉम आपल्या बेली सीपीओसाठी ८००जीला ५.५ वॅट सांगते. जवळपास तिप्पट फरक, ऐकायला झकास. पण दर जीपीयूला (एआयची गणितं करणाऱ्या चिपला) ४००जी आणि स्विचच्या तीन थरांचं विनाकपात जाळं (वरच्या थरांतही वेग तेवढाच) धरा. प्रत्येक जीपीयूमागे तीन दुवे, म्हणजे ४००जीची सहा टोकं. ७.५ वॅटने ४५ वॅट. सीपीओ फक्त स्विचकडची पाच टोकं बदलतो, सर्व्हरच्या कार्डावर मॉड्यूल राहतंच. म्हणजे २१ वॅटच्या आसपास. बचत २४ वॅट. आठ जीपीयूंची डीजीएक्स एच१०० पेटी कमाल १०.२ किलोवॅट घेते. त्यात ही बचत १९० वॅट, दोन टक्केसुद्धा नाही. एवढ्यासाठी पोर्टनिहाय दुरुस्ती सोडून द्यायची?

काजवा

असहमत. हिशेब बरोबर, भागाकार चुकीच्या आकड्याने केलाय. एक लाख जीपीयूंवर तुमचे २४ वॅट म्हणजे २.४ मेगावॅट. तुमच्याच पेटीच्या आकड्याने जीपीयूमागे पावणेतेराशे वॅट धरले, तर तेवढ्या विजेत आणखी अठराशेच्या वर जीपीयू चालतात. जागेला मिळणारी वीज ठरलेली असते आणि वाढीव जोडणीला वर्षं लागतात. तिथे दोन टक्के हा खर्चाचा आकडा उरत नाही, क्षमतेचा होतो.

शिवाय तुम्ही ८००जीवर थांबलात. जून २०२५पासून ब्रॉडकॉमची टोमाहॉक ६ ही १०२.४ टेराबिटची चिप बाहेर पडू लागली. तिच्यावर ६४ पोर्ट १.६टीचे. मॉड्यूलमागे २८ वॅट धरले तर पुढच्या पट्टीवर एकूण १.८ किलोवॅट उष्णता, आणि मॉड्यूलला वीज ३.३ व्होल्टने जाते, म्हणजे त्या चिमुकल्या कनेक्टरमधून साडेआठ अँपिअर. हवेने हे थंड करायचं तर पंख्यांचीच वीज वेगळी मोजावी लागेल.

तिसरं म्हणजे तांब्याच्या रेघा. १०० गिगाबिटच्या लेनला नायक्विस्ट वारंवारता (सिग्नलला लागणारी किमान बँडविड्थ) २६.५ गिगाहर्ट्झ होती, २०० गिगाबिटला ती ५३च्या पुढे जाते. चिपपासून पट्टीपर्यंतच्या बोर्डावरच सिग्नलचा जीव जातो, मग तो परत उभा करायला डीएसपी. सीपीओ ही वाटच कापून टाकतो. कोबोच्या वेळी लेन २५ आणि ५० गिगाबिटच्या होत्या, म्हणून प्लगेबल तगले. तो दाखला इथे लावू नका.

तांबट

दोघेही पहिला दुवा प्रकाशाचाच धरून बसलात. रॅकमध्ये तांबं आहे की! १०० गिगाबिटच्या लेनला साधी डीएसी केबल (तांब्याची, आत चिप नसलेली) दोन मीटर चालते. त्यापुढे एईसी घ्या, टोकांत रिटायमर, म्हणजे सिग्नल ताजा करणारी चिप असलेली. पाच-सात मीटरचं काम होतं. सर्व्हर ते लीफ (सर्व्हरच्या सगळ्यात जवळचा स्विच) हा दुवा तांब्याचा केला की प्रकाशाची टोकं सहावरून चारवर येतात आणि चारही स्विचकडची. प्लगेबल ३० वॅट, सीपीओ ११.

एनव्हिडियाच्याच ७२ जीपीयूंच्या एनव्हीएल७२ रॅकमध्ये जीपीयूंचा आपसातला सगळा कणा पाच हजारांहून जास्त तांब्याच्या केबलींचा आहे. प्रकाश वापरला असता तर वीस किलोवॅट जास्त लागले असते, असं कंपनीनेच २०२४मध्ये मंचावरून सांगितलं.

काजवा

@तांबट, २०० गिगाबिटच्या लेनला साध्या केबलचं उद्दिष्ट एक मीटरवर आलंय, तेही सांगा. रॅकबाहेर पडलात की तांबं संपलं. आणि जीपीयूंचा गट ७२वरून काहीशेवर नेणार असतील तर तो एका रॅकमध्ये मावणार नाही. सीपीओची खरी जागा तिथेच तयार होतेय.

एकतंतू

हे मान्य. मी मूळ धाग्यात जाळं म्हणालो ते रॅकबाहेरचं. जीपीयू ते जीपीयू जवळच्या दुव्यात सीपीओ आधी येईल, कारण तिथे प्लगेबलला मुळात जागाच नव्हती. हरायचं झालंच तर तांबं हरेल.

पण पुढच्या पट्टीच्या उष्णतेबद्दल: द्रवाने थंड होणाऱ्या पट्ट्या मॉड्यूललाही लावता येतात. त्यासाठी सपाट माथ्याचं ओएसएफपी आधीच आहे. खरेदीत इथेच घोळ होतो. स्विचला पंखांचा (उष्णता सोडणाऱ्या पात्यांचा) माथा, सर्व्हरच्या कार्डाला सपाट माथा. उलट मागवलं तर पिंजऱ्यात जातच नाही, आणि शंभर मॉड्यूल तशीच पडून राहतात.

लिंकबजेट

वीज बाजूला ठेवा, विश्वासार्हतेवर बोला. सीपीओवाले ऑक्टोबर २०२५पासून एकच आकडा फिरवतायत: मेटाच्या चाचणीत बेली सीपीओवर ४००जी पोर्टच्या हिशेबाने दहा लाख तास, एकही लिंक फ्लॅप (दुवा तुटून पुन्हा लागणं) नाही. चांगली सुरुवात आहे, पण आकडा सोलून बघा.

दहा लाख भागिले ८७६० म्हणजे ११४ पोर्ट-वर्षं. पन्नास हजार पोर्टांचं जाळं एवढे तास वीस तासांत पुरे करतं. शून्य घटना दिसल्या तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की दर दहा लाख तासांमागे तीनपेक्षा कमी. म्हणजे सरासरी अंतर निदान ३.३ लाख तास. पन्नास हजार पोर्टांवर याचा वाईटात वाईट अर्थ पावणेसात तासांत एक फ्लॅप. तसं होईलच असं नाही, पण ‘होणार नाही’ हे त्या चाचणीतून सिद्ध होत नाही.

काजवा

गणिताला हरकत नाही. फक्त समोरचाही आकडा ठेवा. मेटाने लामा ३ या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाचा ५४ दिवसांचा हिशेब दिलाय: १६,३८४ जीपीयू, ४१९ अनपेक्षित खंड, त्यांतले ३५ स्विच आणि केबलमुळे. ८.४ टक्के. एक दुवा गेला की सगळं काम थांबतं आणि मागच्या चेकपॉइंटपासून (जतन केलेल्या टप्प्यापासून) पुन्हा सुरू. प्लगेबल ‘सिद्ध’ आहेत म्हणता, ते असे सिद्ध आहेत.

फेरुल

त्या ३५मध्ये धुळीचे किती, हे कुणी वेगळं काढलेलं नाही. आणि धूळ सीपीओ आल्यावर कुठे जाणार? एमपीओ (अनेक तंतूंचा) कनेक्टर तोच, पॅच पॅनेल तेच.

डीआर८ या आठ लेनच्या मॉड्यूलमध्ये सोळा तंतू. एका तंतूच्या टोकावर तेलकट बोट लागलं तर आठांतली एक लेन आजारी पडते. पण एफईसीची (चुका दुरुस्त करणाऱ्या संकेताची) चिन्हं सगळ्या लेनवर वाटलेली असतात, त्यामुळे एक लेन पूर्ण पोर्टचा हिशेब बिघडवते. केपी४ एफईसी ५४४ चिन्हांच्या शब्दात १५ चुका दुरुस्त करतो, सोळाव्याला शब्द गेला. म्हणून नुसतं ‘लिंक चालू’ बघून उपयोग नाही. एफईसीपूर्व बीईआर, म्हणजे दुरुस्तीआधीचं चुकीच्या बिटांचं प्रमाण, बघा (२.४ × १०^-४ ही कड, निरोगी लिंक तिच्यापासून निदान दहाचे एक-दोन घात खाली असते) आणि कोणत्या शब्दात किती चुका याचा हिस्टोग्राम काढा. दहाच्या पुढचे खण भरायला लागले की लिंक पडायची वाट बघू नका.

क्रम असा: पोर्ट बंद करा. मायक्रोस्कोपने केबलचं टोक बघा, मग मॉड्यूलचं. कोरड्या क्लिक-क्लीनरने पुसा. पुन्हा बघा. डाग राहिला तर ओलं-मग-कोरडं. तरीही राहिला तर तो ओरखडा, केबल बदला. दोन्ही टोकं करा. एकच टोक पुसून जोडलं तर दुसऱ्याची घाण याला लागते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे न बघता मॉड्यूल काढून पुन्हा खोचणं. लिंक येते, पण धूळ फक्त सरकलेली असते, आठवड्याने तीच तक्रार. हिरवी एपीसी (तिरपी घासलेली) आणि सपाट यूपीसी टोकं एकमेकांना जोडली तर त्यावर क्लीनर काय करणार, ते वेगळंच.

प्लगेबलला एवढं करून नाहीच जमलं तर दोन मिनिटांत दुसरं मॉड्यूल. सीपीओत इंजिन गेलं तर पूर्ण स्विच खाली उतरवायचा.

काजवा

इंजिनात लेझर नसतो, ही बाब सोडलीत. ऑप्टिक्समध्ये आधी मरतो तो लेझर, आणि सीपीओत तो बाहेर काढून ईएलएसएफपी या बदलता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये, थंड बाजूला ठेवलाय. त्याचा प्रकाशाचा कनेक्टर मागच्या बाजूला, आपोआप बसणारा. कुणाचं बोट लागायचा प्रश्नच नाही.

लिंकबजेट

आणि तो एक गेला की किती पोर्ट जातात? क्वांटम-एक्सच्या १४४ पोर्टच्या स्विचमध्ये अशी १८ मॉड्यूल आहेत. एकामागे आठ पोर्ट. प्लगेबलमध्ये एक गेला तर एक. बदलणं सोपं आहे हे खरं, पण बदलेपर्यंत आठ दुवे आडवे. रचना करताना त्या आठांच्या जोड्या वेगवेगळ्या स्विचवर जातील हे पाहावं लागेल.

अर्धारिटाइमर

मधली वाट कुणी बोलत नाही म्हणून. एलपीओ: प्लगेबलच, पण डीएसपी काढलेलं. ८००जीला १५ऐवजी आठ-नऊ वॅट. ६४ पोर्टवर चारशे वॅट वाचले, पट्टी तीच, हात तेच. एलपीओचा करारगट मार्च २०२४मध्ये झाला.

खोट कुठे, तेही सांगतो. सिग्नल सावरायचं सगळं ओझं स्विच-चिपच्या सर्डिसवर (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागावर) येतं. चिपसमोरच्या मधल्या पोर्टांच्या रेघा आखूड, कडेच्यांच्या लांब. तेच मॉड्यूल मध्ये स्वच्छ चालतं आणि कडेला चुका काढतं. पोर्टनिहाय ट्रान्समिट टॅप (सिग्नल आधीच सावरून पाठवायच्या जुळण्या) बसवले नाहीत तर मॉड्यूलला दोष देऊन परत पाठवलं जातं, आणि पुरवठादाराच्या बाकावर ते उत्तम निघतं. भांडण मिटत नाही, कारण चूक दोघांच्या मध्ये आहे. म्हणून दोन्ही टोकं एकाच मालकाची असतील तिथेच एलपीओ घ्या. नाहीतर एलआरओ: डीएसपी फक्त प्रक्षेपणाच्या बाजूला. वीज दोघांच्या मध्ये, पण बाहेर पडणारा प्रकाश प्रमाणात.

काजवा

२०० गिगाबिटच्या लेनला एलपीओ चालवून दाखवा, मग बोलू.

अर्धारिटाइमर

अवघड आहे, नाकारत नाही. म्हणूनच मी ८००जी म्हणालो.

वेफर

बाजाराबद्दल धागा आहे आणि पुरवठ्यावर कुणीच नाही, याची गंमत वाटली. प्लगेबल की सीपीओ हे ठरायच्या आधी लेझर मिळतोय का ते बघा. ईएमएल (मॉड्युलेटर अंगातच असलेला लेझर) वापरणाऱ्या डीआर८ मॉड्यूलमध्ये आठ लेझर, लेनला एक. सिलिकॉन फोटोनिक्समध्ये (प्रकाशाचे भाग सिलिकॉन चिपवरच) साधा सतत चालणारा लेझर अनेक लेनना वाटता येतो. दोन किंवा चारांत भागतं. २०० गिगाबिटचे ईएमएल बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून १.६टीत सिलिकॉन फोटोनिक्सकडे ओढा आहे. त्यामागे तंत्रापेक्षा टंचाई जास्त.

दोन्ही लेझरांच्या मुळाशी इंडियम फॉस्फाइड हा अर्धवाहकच. चीनने फेब्रुवारी २०२५मध्ये त्यावर निर्यात परवाना लावला. दुसरीकडे कोहेरंटने सहा इंची वेफर आणली. तीन इंचीच्या चौपट क्षेत्रफळ. पण नव्या वेफरवर चांगल्या चिपांचा उतारा बसेपर्यंत काळ जातोच. सीपीओलाही लेझर लागतो, तोही जास्त शक्तीचा. त्यामुळे सीपीओ आल्याने टंचाई संपेल, हा भ्रम आहे.

आणि कुणाचं काय जातं तेही बघा. प्लगेबलमध्ये इनोलाइट, ईऑप्टोलिंकसारखे मॉड्यूल बनवणारे कमावतात, डीएसपीत मार्व्हेल आणि ब्रॉडकॉम. सीपीओत मॉड्यूलवाला मधूनच गळतो आणि सगळं स्विच-चिपवाल्याकडे जातं. ब्रॉडकॉम चिपही विकते, डीएसपीही, सीपीओही. तिला निकालाचं सोयरसुतक नाही. इंटेलने २०२३मध्ये आपला मॉड्यूलचा धंदा जेबिलला देऊन टाकला.

एकतंतू

@वेफर, नेमकं हेच. आज एकाच स्विचमध्ये तीन पुरवठादारांची मॉड्यूल लावून भाव पाडता येतो. सीपीओत स्विच घेतला त्या दिवशी पुढच्या पाच वर्षांचं ऑप्टिक्सही घेऊन झालं, तेही एकाच अंतराचं. काही पोर्ट ५०० मीटरचे, काही दोन किलोमीटरचे, दोन इमारतींना जोडायला थोडे झेडआर (लांब पल्ल्याचे), हे मिश्रण संपलं.

काजवा

हजारो पोर्ट एकाच प्रकारचे लागणाऱ्याला तुमचं मिश्रण नकोच आहे, आणि बाजार तोच गिऱ्हाईक चालवतोय. बाकीचे त्याच्या मागून जातील.

एकतंतू

तो गिऱ्हाईक भाव पाडण्यातही सगळ्यांत कडक आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची ऑप्टिकल इंजिनं एकाच चिपच्या पॅकेजवर आलटून-पालटून बसायला लागली की मी हा धागा स्वतः वर काढेन. तोवर मत तेच.

फेरुल

अवांतर: वर ‘दोन मिनिटांत दुसरं मॉड्यूल’ लिहिलं, त्यात मायक्रोस्कोपची वेळ धरलेली नाही. दहा धरा.